‘मॅडम, तुम्ही खोटं सांगितलं का?’

पत्र

सर, नमस्कार. मी हिंगोली जिल्ह्यात, औंढा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवते. २०२५च्या उन्हाळी सुट्टीत बातमी वाचली, की १२४ प्रकाशवर्षं लांबच्या के२-१८बी नावाच्या ग्रहावर जीवसृष्टीची खूण मिळाली. इतका आनंद झाला की जूनमध्ये शाळा भरल्याबरोबर परिपाठात मीच ती बातमी सांगितली आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘पृथ्वीबाहेर जीवसृष्टी सापडली’. आठवीतल्या एका मुलीने त्या ग्रहाची प्रतिकृती केली. निळा समुद्र, त्यात हिरवं शेवाळ. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक सगळ्यांसमोर तिला म्हणाले, ‘हे तर खोटं ठरलंय. कुणी सांगितलं तुला?’ लेकरू रडत घरी आलं. दुसऱ्या दिवशी मला विचारलं, ‘मॅडम, तुम्ही खोटं सांगितलं का?’ माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

गावात पारावर बसणारे एक काका तेव्हापासून म्हणतात, ‘विज्ञानवाल्यांचं आज एक, उद्या एक. मग आमच्या महाराजांचं ऐकलं तर काय बिघडलं?’ त्यात आता शहरातून एक गृहस्थ परग्रहवासीयांवरचा कार्यक्रम घेऊन शाळेत आलेत. पडद्यावर चित्रं दाखवणार, लेकरामागे पन्नास रुपये घेणार. मुख्याध्यापकांचा कल त्यांच्याकडे आहे. मी लेकरांची माफी मागू का? की अशा बातम्या सांगणंच सोडून देऊ?

— एक शिक्षिका

उत्तर

ताई, तुमचं पत्र वाचल्यावर मला आधी माझाच वर्ग आठवला.

१९९६चा ऑगस्ट. मी परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत नववीला विज्ञान शिकवत होतो. अंटार्क्टिकाच्या बर्फात १९८४ साली सापडलेला एक दगड, वजन दोन किलोला थोडं कमी. तो मंगळावरून उडून आलेला आहे आणि त्यात जीवाणूंच्या खुणा दिसतात, असं नासाच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन स्वतः त्यावर बोलले. मी वर्तमानपत्र घेऊनच वर्गात गेलो. सांगितलं, ‘लेकरांनो, आजची तारीख लिहून ठेवा. मंगळावर जीव सापडला.’ लेकरांनी खरंच वहीत तारीख लिहिली.

पुढे काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. दगडात दिसलेले अळीसारखे आकार केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढे होते, आणि इतक्या लहान जागेत जिवंत पेशीचा संसार मावणं कठीण. जे कार्बनी पदार्थ मिळाले, ते जीवाशिवायही तयार होतात. चुंबकी खनिजाचे बारीक स्फटिक नुसत्या उष्णतेनेही होऊ शकतात, असं प्रयोगशाळेत दिसलं. एकेक पुरावा असा सैल होत गेला. एका दिवसात, एका बातमीत काही झालं नाही, म्हणून ते पहिल्या पानावर कधी आलंच नाही. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा समजली. ज्या पत्रकार परिषदेत ही घोषणा झाली, तिथेच नासाने विल्यम शॉप नावाच्या एका जाणत्या शास्त्रज्ञाला मुद्दाम बोलावलं होतं, आणि त्यांनी त्याच मंचावरून सांगितलं होतं, की हा पुरावा पुरेसा नाही. ती शंका पहिल्या दिवसापासून होती. परभणीपर्यंत फक्त घोषणा आली.

आणि मी त्या वर्गाकडे परत गेलो नाही. पोरं दहावीला गेली, पांगली. सुमारे वीस वर्षांनी मोंढ्यात सोयाबीन घेऊन आलेला एक शेतकरी माझ्या पाया पडला. ‘सर, मंगळावर जीव सापडला हे तुम्ही सांगितलं होतं. मी माझ्या पोरालाही सांगून ठेवलंय.’ अडतीत गर्दी होती, वजन चालू होतं, तो घाईत होता. तिथेही मी त्याला उरलेलं सांगू शकलो नाही. ती गोष्ट मला अजून टोचते.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार आहे. तुमची पोरं अजून तुमच्यासमोर आहेत. उद्याच्या परिपाठात जा आणि सांगा. खोटं बोलल्याची माफी मागू नका, कारण तुम्ही खोटं बोलला नाहीत. खोटं बोलणाऱ्याला खरं ठाऊक असतं. पण तुमच्या हातून एक शब्द चुकला, ‘सापडली’. तो शब्द चुकला हे त्याच फळ्यावर, तितक्याच मोठ्या अक्षरात लिहा. आणि हेही सांगा, की परीक्षकांचा शब्दही बरोबर नव्हता. ‘खोटं ठरलंय’ हेसुद्धा कुणी सिद्ध केलेलं नाही. खरी स्थिती या दोन शब्दांच्या मधली आहे. ती लेकरांना कळेल अशी सांगता येते.

के२-१८बी सिंह राशीच्या दिशेला आहे. पृथ्वीच्या साडेआठपट वस्तुमान, अडीचपटीहून जास्त त्रिज्या, आणि त्याचं वर्ष आपल्या ३३ दिवसांचं. जेम्स वेब दुर्बिणीने त्याचा जो प्रकाश टिपला, तो तिथून निघाला तेव्हा आपल्याकडे सहाव्या निजामाचं राज्य होतं. हे लेकरांना जरूर सांगा, १२४ प्रकाशवर्षं म्हणजे किती ते पटकन ध्यानात येतं. दुर्बिणीला तो ग्रह काही असा गोळ्यासारखा दिसत नाही. तो आपल्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा थोडासा प्रकाश ग्रहाच्या वातावरणाच्या कडेतून गाळून येतो. प्रत्येक वायू आपापले ठरावीक रंग गिळतो. कोणते रंग कमी पडले त्यावरून कोणता वायू आहे ते ओळखायचं. त्या कमी पडण्याचं माप इतकं बारीक असतं, की यंत्राची स्वतःची थरथर त्यात मिसळते.

२०२३ साली केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाला तिथे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड मिळाले. त्यातल्या मिथेनवर फारसा वाद नाही. २०२५च्या एप्रिलमध्ये त्यांनी सांगितलं, की डायमिथाइल सल्फाइड, म्हणजे डीएमएस, किंवा त्याच्या भावंडासारखा दुसरा एक वायू असावा असं दिसतं. आपल्या पृथ्वीवर डीएमएस मुख्यतः समुद्रातले सूक्ष्म जीव तयार करतात. आपल्या मराठवाड्याला समुद्र नाही, पण कोबी शिजताना जो वास सुटतो, त्यातही हा वायू असतो. शाळेच्या पोषण आहाराच्या चुलीवर एक दिवस कोबी शिजू द्या. १२४ प्रकाशवर्षं लांबची गोष्ट लेकरांच्या नाकापर्यंत येईल.

मधुसूदन बनारसला शिकलेले. साहजिकच आपल्याकडच्या बातम्यांचे मथळे आणखी मोठे झाले. पण त्या गटाने स्वतः काय म्हटलं होतं? आमचा पुरावा ‘तीन सिग्मा’चा आहे, पक्कं म्हणायला ‘पाच सिग्मा’ लागतात, त्यासाठी दुर्बिणीचे आणखी १६ ते २४ तास हवेत. हे वाक्य मथळ्यात आलं नाही. या सिग्माचा अर्थ लेकरांना मैदानात दाखवता येतो, आणि तो दाखवाच.

सगळी शाळा मैदानात उभी करा. प्रत्येकाच्या हातात एक रुपया. नाणं उडवायचं, छापा आला तो उभा राहील, काटा आला तो खाली बसेल. दरवेळी निम्मे बसतील. दोन-सव्वादोनशे लेकरं असतील तर सात-आठ फेऱ्यांनंतर एखाद-दुसरं उभं उरेल. सगळे टाळ्या वाजवतील. मग विचारा, याच्या अंगात काही शक्ती आहे का? लागोपाठ आठ-नऊ वेळा छापा पडण्याची शक्यता साधारण हजारात दोन ते चार. तीन सिग्मा म्हणजे जवळजवळ तेवढंच. नुसत्या योगायोगाने असा ठसा उमटण्याची शक्यता हजारात तीन. एकट्या माणसाने एकदाच नाणं घेऊन आठ-नऊ छापे काढले तर आश्चर्य वाटावं हे खरं. पण आज सूर्यमालेबाहेरचे सहा हजारांहून जास्त ग्रह माहीत आहेत, शोधायचे वायू डझनावारी आहेत. इतकी पोरं नाणं उडवत असतील तर एखादं उभं राहणारच. म्हणून शास्त्रज्ञांनी दंडक घातला, की पाच सिग्मा दाखवा. म्हणजे लागोपाठ एकवीस-बावीस छापे.

इथे एक खाचखळगा आहे, तो तुम्ही स्वतःसाठी लक्षात ठेवा. ‘हजारात तीन’ याचा अर्थ ‘तिथे जीव असण्याची शक्यता ९९.७ टक्के’ असा होत नाही. पुष्कळ बातम्यांनी नेमका तसाच अर्थ लावला. ती शक्यता फक्त आकड्यांच्या गोंधळाबद्दल आहे. वायू खरंच आहे की नाही हा पुढचा प्रश्न. तो वायू डीएमएसच की दुसरा कुठला, हा त्याच्याही पुढचा. आणि डीएमएस असला तरी तो जिवंत वस्तूनेच केला का, हा तर फारच पुढचा. ६७पी नावाच्या धूमकेतूवर डीएमएस सापडल्याचं २०२४ साली प्रसिद्ध झालं. धूमकेतूवर कुठला समुद्र आणि कुठलं शेवाळ? प्रयोगशाळेतही वायूंच्या मिश्रणावर अतिनील प्रकाश टाकून तो जीवाशिवाय बनवता आला. त्या ग्रहावर समुद्र आहे हासुद्धा अजून अंदाजच आहे.

एप्रिलच्या घोषणेनंतर काही दिवसांतच ऑक्सफर्डच्या एका शास्त्रज्ञाने तेच आकडे घेऊन तपासले. त्याला तिथे साधी सरळ रेष बसते असं दिसलं, म्हणजे कुठल्याच वायूचा ठळक ठसा नाही. शिकागोच्या गटाने दुर्बिणीची आधीची-नंतरची सगळी निरीक्षणं एकत्र केली, तेव्हा डीएमएसचा पुरावा फिका पडला. आणखी काहींनी वेगवेगळे वायू बसवून पाहिले, त्यातले कितीतरी डीएमएसइतकेच नीट बसले. चप्पल पुष्कळांच्या पायात येत असेल तर ती कुणाची हे चपलेवरून सांगता येत नाही.

ताई, माझ्या मते लेकरांना सांगण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट ही पुढची आहे. ऑक्सफर्डवाल्याला ते आकडे कुठून मिळाले? ते सगळ्यांसाठी खुले होते. केंब्रिजच्या गटाने कसं मोजलं तेही छापलेलं होतं. म्हणून कुणालाही पुन्हा मोजून पाहता आलं.

पारावरच्या काकांना इथूनच उत्तर मिळतं. भांडू नका त्यांच्याशी. आपल्याकडे बोअर घेण्याआधी पाणाडी आणतात. तो हातावर नारळ धरून रानातून चालतो, नारळ उभा राहिला की म्हणतो, इथे पाणी. पाणी लागलं की त्याचं नाव पंचक्रोशीत होतं. सहाशे फूट जाऊन नुसता फुफाटा निघाला, तर तो कोरडा बोअर कोण मोजतं? कर्ज शेतकऱ्याच्या माथी, आणि पाणाडी पुढच्या गावात. काकांनी कधी पाणाड्याला आपले कोरडे बोअर स्वतः मोजून दाखवताना पाहिलंय का, एवढंच विचारा. विज्ञानात कोरडा बोअर मोजणारा माणूस वेगळा असतो, आणि तो मोजून दाखवला म्हणून त्याचं नाव होतं. ‘आज एक, उद्या एक’ असं काकांना दिसतं ते या मोजणीमुळे. त्यांच्या महाराजांचं आणि विज्ञानाचं वजन त्यांना एकाच काट्यावर करायचं असेल, तर दोघांचेही फसलेले दावे त्या काट्यावर ठेवावे लागतील.

चुकांचा इतिहास लेकरांपासून लपवू नका. त्यांना तो आवडतो. १८७७ साली शियापरेल्ली नावाच्या इटालियन खगोलशास्त्रज्ञाला मंगळावर बारीक रेषा दिसल्या. त्याने त्यांना ‘कनाली’ म्हटलं. इटालियनमध्ये तो शब्द नैसर्गिक ओघळालाही चालतो. इंग्रजीत जाताना त्याचा कालवा झाला. तुमच्या लेकरांना हा फरक सांगायलाच नको. ओढा आपोआप वाहतो, पण पूर्णा प्रकल्पाचा कालवा म्हटलं की तो खोदणारी माणसं आली, पाळीपत्रक आलं, पाटकरी आला. तसंच झालं. मंगळावर कालवे, मग ते खोदणारे, मग दुष्काळात सापडलेली त्यांची संस्कृती! पर्सिव्हल लॉवेल नावाच्या श्रीमंत अमेरिकी माणसाने १८९४ साली त्यासाठी वेधशाळा बांधली आणि आयुष्यभर कालव्यांचे नकाशे काढले. १९६५ साली मरीनर ४ यान मंगळाजवळून गेलं, फोटो आले. खड्डे दिसले, कालवा एकही नाही. लॉवेल लबाड नव्हता. धूसर दिसणाऱ्या ठिपक्यांना डोळा रेषेने जोडतो, आणि मनात कालवा असला की ती रेष कालवाच होते. दुष्काळी भागातला माणूस ढगाचा प्रत्येक ठिपका पावसाचाच समजतो, त्यातलंच हे. जीव सापडावा ही तहान फार जुनी आहे. तुमच्या मनात ती आहे, माझ्या आहे, मधुसूदन यांच्याही असेल. ती तहान वाईट नाही, मोजताना मात्र ती बाजूला ठेवावी लागते.

ती कशी ठेवतात याचा उत्तम दाखला तर तुमच्या तालुक्यातच उभा राहतोय. औंढा नागनाथजवळ अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा होते आहे, २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्राने तिला मंजुरी दिली. लेकरांना तारेचं कुंपण ठाऊक असेल, आतली गोष्ट सांगा. अमेरिकेतल्या लायगोच्या लोकांनी २०१०च्या सप्टेंबरात स्वतःचीच परीक्षा घेतली. त्यांच्यातल्याच मोजक्या माणसांनी गुपचूप एक बनावट लहर यंत्रात सोडली. बाकी शेकडो शास्त्रज्ञांना पत्ता नाही. त्यांनी सहा महिने रात्रंदिवस तपासलं, शोधनिबंध लिहून तयार केला, आणि मग सगळ्यांसमोर पाकीट उघडलं. आत लिहिलेलं होतं, की ही लहर आम्हीच घातली होती. त्या माणसांना काय वाटलं असेल! पण यंत्र आणि माणसं दोन्ही कामाची आहेत हे त्यातून कळलं. पुढे १४ सप्टेंबर २०१५ला खरी लहर आली तेव्हा कित्येकांना वाटलं, पुन्हा परीक्षाच. जवळजवळ पाच महिने तपासून ११ फेब्रुवारी २०१६ला त्यांनी जगाला सांगितलं. पाच महिने गप्प राहणं काय असतं, ते शाळेतल्या कुठल्याही लेकराला विचारा.

आपल्या मातीतलंही एक उदाहरण आहे आणि ते माझ्या फार जवळचं आहे. जयंत नारळीकर. के२-१८बीची बातमी गाजत असताना, २० मे २०२५ला ते गेले. पृथ्वीवर जीव अंतराळातून आला असावा, या विचाराकडे त्यांचा ओढा होता. मग त्यांनी काय केलं? सहकाऱ्यांसह प्रयोग मांडला. २००५च्या एप्रिलमध्ये हैदराबादहून ४५९ किलोची उपकरणं फुग्याने वर पाठवली आणि २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळ्यांत भरून आणली. नमुने एकाच ठिकाणी तपासले नाहीत. काही हैदराबादच्या प्रयोगशाळेत, काही पुण्याच्या, एकमेकींपासून स्वतंत्र. जीवाणूंचे १२ आणि बुरशीचे ६ पुंजके वाढले. त्यातले तीन जीवाणू नव्या जातीचे निघाले, अतिनील किरणांना चांगलंच तोंड देणारे. एकाला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांच्या नावावरून ‘जॅनिबॅक्टर हॉइली’ म्हटलं, एकाला इस्रोचं नाव दिलं, एकाला आर्यभटाचं.

मनात वर्षानुवर्षं जपलेला विचार, हातात नव्या जातीचे जीवाणू! मोह किती मोठा असेल विचार करा. पण इस्रोने २००९ साली जाहीर केलं ते असं, की यावरून जीवाणू पृथ्वीबाहेरून आले असं निर्णायकपणे सिद्ध होत नाही, पुढे शोधायला उत्साह मात्र मिळतो. हे वाक्य तुमच्या विज्ञानाच्या वर्गात भिंतीवर लावा. जमिनीवरून वादळाने, ज्वालामुखीने काही वर उडत नाही कशावरून, हा प्रश्न शिल्लक होता आणि त्यांनी तो शिल्लक ठेवला.

याउलट २००१ साली केरळात लाल पाऊस पडला तेव्हा काहींनी तो परग्रहावरच्या पेशींचा म्हणून सांगितला. तपासात त्या पेशी तिथल्याच झाडा-दगडांवर वाढणाऱ्या एका शेवाळाच्या बीजाणू निघाल्या. आधी अंगणात बघायचं, मग आभाळात. २०२०च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा तसंच झालं, पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासले आणि खारट पाण्यात राहणारे रंगीत सूक्ष्म जीव सापडले. लोणार बुलढाण्यात असलं तरी तुमच्याहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. उल्केने बेसाल्टमध्ये पाडलेलं विवर, मंगळाच्या अभ्यासकांना त्याचं कोण कौतुक! साबणासारख्या अल्कधर्मी पाण्यातही जीव तग धरतो, हे तिथे काठावर उभं राहून बघता येतं. सहल काढायची तर तिथे काढा.

आता ते पन्नास रुपयेवाले गृहस्थ. मुख्याध्यापकांना माझ्या नावाने सांगा, नको. ते काय दाखवणार ते मला साधारण ठाऊक आहे. २०२३च्या सप्टेंबरात मेक्सिकोच्या संसदेत काचेच्या पेटीत ‘परग्रहवासीयांचे देह’ म्हणून जे ठेवलं होतं, त्याचे फोटो त्यात असणारच. तशाच दोन बाहुल्या पुढे पेरूच्या लिमा विमानतळावर पकडल्या गेल्या आणि तज्ज्ञांनी तपासल्या, तेव्हा त्यात जनावरांची आणि माणसांची हाडं, कागद आणि गोंद निघाला. तरी त्या गृहस्थांना एक संधी द्यायची तर विचारा, तुम्ही दाखवता त्यातलं काय काय तपासात टिकलं नाही, तेही सांगाल का? तयार असतील तर विचार करू. केंब्रिजची चूक असलीच तर ती मोजण्यातली चूक आहे. पोरांच्या खिशातून पैसे काढून गोंदाची बाहुली दाखवणं ही चूक नव्हे. दोन्हींना एकाच नावाने हाक मारू नका, लेकरांसमोर तर मुळीच नाही.

आणि बातम्या सांगणं सोडू नका. परिपाठात दिनविशेषानंतर आठवड्यातून एकदा ‘तपास कुठवर आला’ असं सदर ठेवा. फळ्यावर बारव काढा, सात पायऱ्यांची. शास्त्रज्ञांनीही २०२१ साली अशीच सात पायऱ्यांची पट्टी सुचवली आहे. वरच्या पायरीवर ‘काहीतरी खूण दिसली’. मग ‘यंत्राचा किंवा आपल्याच मातीचा दोष नाही ना’. मग ‘जीवाशिवाय हे होऊ शकतं का’. असं उतरत अगदी तळाला पाणी, म्हणजे दुसऱ्यांनी दुसऱ्या रीतीने तपासूनही तेच निघणं. प्रत्येक बातमीचा खडा लेकरांनीच योग्य त्या पायरीवर ठेवायचा.

सुरुवातीला मंगळावरचा तो ठिपक्यांचा दगड घ्या. मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या पर्सिव्हरन्स गाडीला २०२४ साली सापडला, अंगावर बिबट्यासारखे ठिपके. पृथ्वीवर बऱ्याचदा सूक्ष्म जीवांमुळे होणारी लोहाची खनिजं त्यात दिसली. २०२५च्या सप्टेंबरात नासाने त्याला ‘जीवाची संभाव्य खूण’ म्हटलं. ‘संभाव्य’ या शब्दाला खडूने अधोरेखित करा. नमुना नळीत बंद होऊन मंगळावरच आहे, पृथ्वीवर आल्याशिवाय पुढची पायरी उतरता येणार नाही. तुमच्या आठवीतल्या एखाद्या लेकराच्या हाती तो कधीकाळी यावा इतका वेळ त्याला लागू शकतो.

आता त्या मुलीबद्दल. हे आधी लिहायला हवं होतं, पण सगळं सांगून झाल्यावरच ते नीट सांगता येईल असं वाटलं. तिला परिपाठात सगळ्यांसमोर बोलावण्याआधी एकटीला भेटा. चूक फळ्यावरची होती आणि फळ्यावर मी लिहिलं होतं, हे तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या. तिने रडून घरी आल्यावरही दुसऱ्या दिवशी तुम्हाला येऊन प्रश्न विचारला. ऑक्सफर्डच्या माणसाने केंब्रिजला विचारला तोच हा प्रश्न आहे, हेही तिला सांगा.

तिची प्रतिकृती घरच्यांनी अजून टाकून दिली नसेल तर शाळेत परत मागवा. ग्रहाच्या कडेला एक कागद चिकटवा, ‘मिथेन: मिळाला’. दुसरा, ‘डीएमएस: तपास चालू’. निळ्या समुद्रावर, ‘अंदाज’. हिरवं शेवाळ खरवडून काढू नका, तिने ते मन लावून केलं असेल. त्याच्या शेजारी एक प्रश्नचिन्ह तिच्या हाताने लावू द्या. आणि ते लावताना ती काय म्हणाली, ते मला पत्राने कळवा.